देवीच्या इनामावरील गाव

होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या जपानच्या तीन मोठ्या बेटांच्या कुशीत सापडलेला जो उथळ, शांत आणि शेकडो लहानमोठ्या बेटांनी भरलेला समुद्र सेतोचा समुद्र म्हणून ओळखला जातो, त्याच्या पश्चिम भागात, हिरोशिमाच्या उपसागरात, मुख्य भूमीपासून आगबोटीने अवघ्या दहा मिनिटांच्या अंतरावर एक डोंगराळ बेट आहे. नकाशात त्याचे नाव इत्सुकुशिमा असे लिहितात. लोकांच्या तोंडी मात्र मियाजिमा हेच नाव रुळलेले आहे. क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस किलोमीटर, मधोमध ५३५ मीटर उंचीचा मिसेन पर्वत, त्याच्या उतारांवर जिला बहुतेक कुऱ्हाडच लागलेली नाही अशी वनराजी, आणि उत्तरेकडील एका लहानशा आखाताच्या काठाने दाटीने वसलेले गाव, एवढाच या बेटाचा विस्तार. गावची वस्ती आज दीड हजारांच्या घरात आहे, आणि २०१९ या एका वर्षात तेथे येऊन गेलेल्या यात्रेकरूंची व प्रवाशांची संख्या ४६ लाखांच्या वर गेली होती.

सतराव्या शतकात हायाशी गाहो नावाच्या पंडिताने जपानमधील सर्वोत्तम म्हणून जे तीन देखावे निवडले, त्यांत मात्सुशिमा आणि आमानोहाशिदाते यांच्या जोडीला त्याने मियाजिमाचे नाव घातले, आणि तेव्हापासून हे बेट पाहिल्यावाचून जन्म सार्थकी लागत नाही असे मानणाऱ्या प्रवाशांचा ओघ कधी खंडित झालेला नाही. समुद्रात उभे असलेले सिंदुरी रंगाचे महाद्वार चित्रांतून आणि छायाचित्रांतून जगभर पोहोचले आहे. परंतु त्या द्वारापाशी छायाचित्र काढून संध्याकाळच्या बोटीने परतणाऱ्या प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नाही ती गोष्ट ही की, ज्या बेटावर मनुष्याने राहूच नये असा मूळ संकेत होता, त्याच बेटावर एक गाव उभे राहिले, वाढले, भरभराटले आणि आज सातशे वर्षांनंतरही नांदते आहे. इनामाच्या जमिनीवरील कूळ जसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबते, घर बांधते, लेकरे वाढवते, पण जमीन आपली म्हणत नाही, तसेच काहीसे या गावाचे आणि बेटाचे नाते आहे. येथे मालकी देवीची. मनुष्याची केवळ वहिवाट, आणि तीही अटींवर.

शिंतो धर्मात देवाला देवालयाची गरज असतेच असे नाही. पर्वत, वृक्ष, धबधबा, शिळा यांपैकी कशातही देवत्व वसू शकते, आणि जेथे ते वसते तेथे मनुष्याने जपून पाऊल टाकावे अशी त्या धर्माची शिकवण आहे. मिसेनचे शिखर दुरून पाहणाऱ्या प्राचीन नाविकांना आणि कोळ्यांना हे सबंध बेटच देवस्वरूप वाटले. परंपरा सांगते की, ५९३ साली, सम्राज्ञी सुइकोच्या कारकिर्दीत, साएकी नो कुरामोतो नावाच्या स्थानिक सरदाराने येथे पहिले देवालय उभारले आणि त्यात समुद्राच्या व नौकानयनाच्या तीन भगिनीदेवतांची स्थापना केली. देवालयाला आजचा आकार मिळाला तो मात्र ११६८ च्या सुमारास, आणि तो देणारा पुरुष होता ताइरा नो कियोमोरी.

कियोमोरीची ११४६ साली आकी प्रांताच्या सुभेदारीवर नेमणूक झाली, आणि हे बेट त्याच प्रांतात मोडत होते. पुढे लढाया जिंकून आणि राजदरबारातील प्रतिस्पर्धी नामोहरम करून तो ११६७ साली मुख्य प्रधानपदापर्यंत चढला; त्या काळी योद्ध्याच्या कुळातील मनुष्याला ही गोष्ट अपूर्व होती. चीनमधील सोंग साम्राज्याशी चालणारा व्यापार सेतोच्या समुद्रातून जात असे, आणि त्या जलमार्गाची स्वामिनी असलेल्या देवीची कृपा हा कियोमोरीच्या दृष्टीने भक्तीचा विषय होता तसाच राजकारणाचाही. ११६४ साली त्याने आणि त्याच्या कुळातील लोकांनी सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या सुवर्णांकित, चित्रालंकृत गुंडाळ्या देवीला अर्पण केल्या. त्या आजही जपानच्या राष्ट्रीय ठेव्यांत गणल्या जातात. एका बौद्ध ग्रंथाचे दान एका शिंतो देवीला करण्यात त्या काळी कोणालाच विसंगती वाटली नाही, याची नोंद येथेच करून ठेवावी, कारण सातशे वर्षांनी तीच गोष्ट या गावाच्या गळ्याशी आली.

बेट पवित्र, म्हणून त्याची भूमी खणणे वर्ज्य. तेव्हा देवालय बांधायचे कोठे? कियोमोरीच्या काळच्या स्थपतींनी ते ना धड जमिनीवर, ना धड समुद्रात अशा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, आखाताच्या चिखलावर उभ्या केलेल्या खांबांवर उचलून धरले. राजधानीतील सरदारांच्या प्रासादांची रचना त्यांनी घेतली आणि प्रासादापुढील तळ्याच्या जागी साक्षात समुद्र ठेवला. सुमारे २७५ मीटर लांबीच्या वळणदार पडव्या एका देवगृहातून दुसऱ्या देवगृहाकडे जातात. त्यांवरून चालताना खाली पाहिले, तर जमिनीच्या फळ्या एकमेकींना भिडवलेल्या नसून त्यांच्यात मुद्दाम फट राखलेली दिसते, आणि भरतीच्या वेळी त्या फटीतून पाण्याची चकाकी हलताना दिसते. उधाणाच्या वेळी येथे भरती आणि ओहोटी यांतील फरक ४ मीटरांपर्यंत जातो. अशा वेळी, वाऱ्याची साथ मिळाली, तर पाणी फळ्यांना खालून धडका देते आणि फटींतून वर येऊन पुन्हा खाली उतरते. फळ्या सांधेबंद असत्या, तर त्याच पाण्याने सबंध पडवी उचलून भिरकावली असती.

हीच बुद्धी महाद्वारातही दिसते. आजचे द्वार १८७५ सालचे आहे आणि परंपरेने ते आठवे मानले जाते. उंची १६ मीटरांहून अधिक, वजन सुमारे ६० टन, आणि मुख्य दोन खांब म्हणजे कापराच्या दोन प्रचंड वृक्षांचे सोटच. त्यांचे नैसर्गिक बाक सुताराने रंधून काढलेले नाहीत. हे खांब समुद्रतळात पुरलेले असावेत अशीच पाहणाऱ्याची समजूत होते, पण ते नुसते ठेवलेले आहेत. तळाच्या चिखलात पाइनचे सोट ठोकून जमीन घट्ट केलेली आहे. मुख्य खांबांना आधार म्हणून चार छोटे खांब जोडलेले आहेत. आणि वरची आडवी तुळई पेटीसारखी पोकळ ठेवून तीत मुठीएवढे दगड टनावारी भरलेले आहेत. सारा डोलारा उभा आहे तो केवळ आपल्या भाराने. ओहोटीला लोक वाळूतून चालत थेट द्वाराच्या पायाशी जातात, तेव्हा खांबांच्या बुंध्यांना चिकटलेले शिंपले तर दिसतातच, शिवाय लाकडाच्या भेगांत भाविकांनी खुपसलेली नाणीही दिसतात. नाणी खुपसू नयेत अशी विनंती देवस्थानाला पुन्हा पुन्हा करावी लागते. कुजलेला आणि किड्यांनी पोखरलेला भाग बदलण्यासाठी २०१९ च्या जूनपासून २०२२ च्या डिसेंबरापर्यंत हे द्वार परांचीच्या आड झाकलेले होते, आणि त्या काळात हजारो मैलांवरून आलेल्या प्रवाशांना जाळीने गुंडाळलेला सांगाडा पाहून परतावे लागले.

आता या देवीच्या एका रूपाविषयी, कारण ते रूप मराठी वाचकाच्या अगदी ओळखीचे आहे. तीन भगिनींपैकी इचिकिशिमाहिमे हिला बौद्धांनी बेंझाइतेन मानले, आणि बेंझाइतेन म्हणजे चीनमार्गे जपानात पोहोचलेली आपली सरस्वती. वीणेच्या जागी तिच्या हाती बिवा हे तंतुवाद्य आले, नदीच्या जागी समुद्र आणि सरोवरे तिची झाली, आणि विद्येबरोबर धनाचेही दातृत्व तिच्याकडे आले. पण वाणी आणि संगीत यांची अधिष्ठात्री हा तिचा मूळ अधिकार कायम राहिला. मिसेनवर कूकाइ या महान बौद्ध आचार्याने ८०६ साली अनुष्ठान करून अग्नी प्रज्वलित केला आणि तो अद्याप विझलेला नाही अशी श्रद्धा आहे. हिरोशिमाच्या शांतिउद्यानात १९६४ साली पेटवलेल्या ज्योतीचा एक मूळ अग्नी तेथूनच नेलेला होता. डोंगराच्या पायथ्याच्या दाइशोइन मंदिरात आजही समिधांची आहुती देऊन होम होतो. कियोमोरीने ओसाकाच्या मंदिरातून ज्या मुखवट्यांच्या नृत्याची परंपरा येथे आणली, त्या नृत्यसंगीताचा एक प्रवाहही ७३६ साली जपानात उतरलेल्या बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या आणि त्याच्याबरोबर आलेल्या चंपा देशच्या सहकाऱ्याच्या नावाशी जोडला जातो. सरस्वती, होम आणि नृत्य अशा तीन वाटांनी भारत या जपानी बेटावर पोहोचला आहे. मात्र तो इतका मुरलेला आहे की गावच्या लोकांना त्यात परके असे काहीच वाटत नाही.

वस्तीचा इतिहास देवालयाहून पुष्कळ अलीकडचा. कित्येक शतके पुजारीदेखील पैलतीरावर राहत आणि पूजेपुरते होडीने येत. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास पुजारी आणि भिक्षू बेटावर राहू लागले, त्यांच्यामागोमाग सुतार, व्यापारी आणि खलाशी आले, आणि गाव उभे राहिले. परंतु पावित्र्याचे नियम वस्तीबरोबर सैल झाले नाहीत, उलट वस्तीलाच ते लागू झाले. बेटावर जन्म होऊ नये आणि मृत्यू होऊ नये. बाळंतपण बेटावरच झाले, तर माता आणि मूल यांना तत्काळ पैलतीरी नेत आणि शंभर दिवसांचे अशौच फिटल्यावरच परत आणीत. ऋतुमती स्त्रियांसाठी गावाच्या कडेला वेगळ्या जागा होत्या, आणि त्या नियमाचा जाच कोणाच्या वाट्याला येत असेल हे सांगायला नको. मृतदेह समोरच्या किनाऱ्यावर नेऊन पुरत आणि सुतकी माणसे पन्नास दिवस तिकडेच राहत. या बेटावर आजही एकसुद्धा स्मशान वा थडगे नाही. जमीन नांगरणे निषिद्ध असल्याने शेतही नव्हते. बेटाला जलमार्गाने प्रदक्षिणा घालण्याचा जो जुना विधी आहे, त्यात एका ठिकाणी समुद्रावर पिठाच्या गोळ्यांचा नैवेद्य सोडतात; मिसेनवरचे पवित्र कावळे येऊन तो उचलून घेऊन गेले, म्हणजे देवी प्रसन्न झाली, आणि ते आले नाहीत तर मंडळीत कोणीतरी अशुद्ध आहे, असे मानतात.

या नियमांचा कस लागला १५५५ साली. मोरी मोतोनारी या धूर्त सरदाराने बेटावर एक लहानसा किल्ला आमिष म्हणून बांधला, सुए हारुकाताच्या मोठ्या सैन्याला त्या अरुंद जागेत उतरू दिले, आणि वादळी रात्री समुद्र ओलांडून पहाटे पिछाडीवरून छापा घातला. हारुकाताने बेटावरच आत्महत्या केली आणि मोतोनारी पश्चिम जपानचा सत्ताधीश होण्याच्या मार्गाला लागला. पण विजयानंतर त्याचा पहिला हुकूम लुटीविषयीचा नव्हता. सारे मृतदेह पैलतीरी हलवावेत, रक्ताने भिजलेली माती खरवडून समुद्रात टाकावी आणि देवालयाच्या फळ्या धुऊन काढाव्यात, असे त्याने फर्मावले. पुढे १५७१ साली त्यानेच मुख्य गाभारा नव्याने बांधवून दिला. तोच आज उभा आहे.

शेत नाही, म्हणून उदरनिर्वाह यात्रेवर. सतराव्या शतकापासून हिरोशिमाच्या आसानो घराण्याने येथे स्वतंत्र अंमलदार नेमला, त्याच्या देखरेखीखाली हंगामी बाजार भरत, नाटकांचे खेळ होत आणि सोडतीची तिकिटेही विकली जात. समुद्र बुजवून किनाऱ्यालगत नवी पेठ झाली. तीच आजची गजबजलेली दुकानांची रांग, आणि तिच्या मागे समांतर जाणारी, अरुंद दर्शनी भागाच्या व खोल घरांची जुनी गल्ली हा पूर्वीचा मुख्य रस्ता होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेइशिन नावाच्या भिक्षूने पाण्याची टंचाई पाहून गावात विहिरी खोदविल्या, आणि यात्रेकरूंना नेण्याजोगी एकही वस्तू गावात बनत नाही हे पाहून लोकांना लाकडी भातवाढी करायला शिकवले. त्याला स्वप्नात बेंझाइतेनच्या हातातील बिवा दिसली आणि तिच्याच आकाराची भातवाढी त्याने घडवली, असे सांगतात. भातवाढी हातात घेतली की दंतकथेचा उगम कळतो: आखूड दांडा, गोलसर पोट, आणि अंगभर सरळ गेलेले लाकडाचे रेशे, थेट वाद्याच्या पाठीसारखे. या एका स्वस्त, हलक्या आणि सहज न मोडणाऱ्या वस्तूने गावाची शेकडो घरे जगवली. आज पेठेत ७.७ मीटर लांबीची एक भातवाढी प्रेक्षणीय वस्तू म्हणून ठेवलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मेपलच्या पानाच्या साच्यातील, पोटात गोड डाळीचे पुरण असलेली पोळी तिच्या जोडीला आली; आणि शिंपल्यांतील कालवे तर या उपसागराचे पीकच आहे.

पण १८६८ साली नव्या मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध यांची फारकत करण्याचा हुकूम काढला, तेव्हा शेकडो वर्षे एकाच छपराखाली नांदलेल्या देवतांची वाटणी करण्याची पाळी गावावर आली. बेंझाइतेनची मूर्ती शेजारच्या दाइगान्‌जी मंदिरात हलवली गेली, आणि १७ जूनला एकदाच तिचे दर्शन मिळते. जपानचा तत्कालीन सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ साली बांधायला घेतलेले आणि १५९८ साली त्याच्या मृत्यूने अपुरे राहिलेले विशाल सभागृहही बौद्ध खुणा काढून शिंतो देवालय ठरवले गेले. देवालयाचा सिंदुरी रंगही परका ठरवून उतरवला गेला, आणि तो मेइजी काळाच्या अखेरीस पुन्हा चढला. सरकारी दप्तरात जे दोन धर्म वेगळे झाले, ते यात्रेकरूंच्या पायाखाली मात्र कधीच वेगळे झाले नाहीत: सकाळी समुद्रातले देवालय, दुपारी मिसेनवरचा अग्नी, हा क्रम तसाच राहिला.

पावित्र्याचे नियम जन्म-मृत्यूपुरतेच नव्हते हे १९४५ सालच्या आपत्तीनंतर झालेल्या कामाने दाखवून दिले. त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला, अणुबॉम्बने हिरोशिमा बेचिराख झाल्यावर सहाच आठवड्यांनी, क्यूशूमधील माकुराझाकी येथे धडकलेल्या तुफानाने मिसेनच्या कुशीतील मोमिजीदानी ओढ्यात दरडी कोसळल्या आणि दगडमातीचा लोंढा थेट देवालयात घुसला. १९४८ ते १९५० या काळात त्या ओढ्याला बांध घालण्याचे काम झाले, आणि त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: मोठे दगड फोडायचे नाहीत, झाडे तोडायची नाहीत, बाहेरून दगड आणायचा नाही, सिमेंट कोठेही दृष्टीस पडता कामा नये, आणि काम बागा घडवणाऱ्या कारागिरांकडून करून घ्यायचे. उपासमारीच्या त्या दिवसांत जपानी अभियंत्यांनी डोंगराचीच शिळा डोंगरालाच लावून असा बांध रचला की अनोळखी माणूस त्याला निसर्गनिर्मित झरा समजतो. २०२० साली तो राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता ठरला. १९९१ च्या तुफानात समुद्रावरचा ‘नो’ या जपानी नाट्यप्रकाराचा रंगमंच कोसळला, २००४ च्या तुफानात वादकांची ओवरी पडली. दोन्ही वेळा गाभारा वाचला, आणि दोन्ही वेळा पडलेले पुन्हा उभारले गेले. १९९६ साली युनेस्कोने ज्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यातील लाकूड मूळचे किती हे विचारण्यात अर्थ नाही. मूळची आहे ती दुरुस्तीची रीत.

आजचा पेच वेगळा आहे. नगरपालिका म्हणून १८८९ पासून स्वतंत्र असलेले हे गाव २००५ साली पैलतीरावरच्या हात्सुकाइचि शहरात विलीन झाले. मुले शिक्षणासाठी आणि पुढे नोकरीसाठी पलीकडे जातात आणि सर्वच परत येत नाहीत. दुसरीकडे प्रवाशांची गर्दी वाढती, आणि तिच्याबरोबर कचरा, स्वच्छतागृहे व कागद-प्लास्टिक खाऊन आजारी पडणारी बेटावरची हरणे यांचा खर्चही वाढता. म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपासून शहराने यात्राकर बसवला: बेटावर येणाऱ्या प्रत्येकाकडून बोटीच्या भाड्याबरोबरच १०० येन. रहिवासी आणि कामासाठी नित्य ये-जा करणारे मात्र त्यातून मुक्त आहेत.

हा कर म्हणजे नव्या जमान्याची व्यापारी उठाठेव, असे वरकरणी वाटेल. पण या बेटाचा जमाखर्च नीट तपासला, तर वेगळेच दिसते. येथील माणसे जन्मली पैलतीरी, पुरली गेली पैलतीरी. धान्य आले ते तिकडूनच. आषाढ वद्यात, जपानी चांद्रपंचांगाच्या सहाव्या महिन्याच्या १७ व्या दिवशी, उधाणाचा मोका साधून देवीची नौका वाद्यांच्या गजरात समुद्रात निघते. तीसुद्धा १७०१ साली वादळात सापडल्यावर मुख्य भूमीवरच्या आगा आणि एबा येथील माणसांनी वाचवली, आणि तेव्हापासून तिला ओढून नेण्याचा मान त्यांच्याकडेच चालत आलेला आहे. मियाजिमा हे गाव केवळ तेथील रहिवाशांच्या बळावर कधीच चाललेले नाही. पलीकडच्यांनी त्याचे ओझे नेहमी वाटून घेतले, आणि मोबदल्यात त्यांना देवीच्या दारी पाऊल ठेवण्याचा हक्क मिळाला. आजचा प्रवासी १०० येन मोजतो, तेव्हा तोही त्या इनामाच्या कुळांच्या यादीत दाखल होतो, आणि सारा भरला म्हणून जमीन आपली झाली असे समजण्याचा अधिकार त्यालाही मिळत नाही.